झिजलेल्या रुपयाची किंमत
गढवालच्या डोंगरात आजही काही आज्यांच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ दिसते. 1914 साली हिंदी शिपायाला महिना 11 रुपये मिळत. माळेतले काही रुपये अशाच पगारातले असावेत. अडचणीत माळ सराफाकडे जाते. तो म्हणतो, "घिस गया है."

घिसला, पण किती? काट्यावर ठेवा. नवा रुपया 11.66 ग्रॅमचा, चांदी 91.7 टक्के. राणीचा चेहरा सपाट झालेला रुपया 11 ग्रॅम भरला, तरी त्यात दहा ग्रॅम शुद्ध चांदी आहे. कडीच्या डाखाचे वजन तेवढे वजा करा. 1940 पासूनचे रुपये मात्र निम्म्याच चांदीचे, 1947 चा तर निकेलचा. ते आधी वेगळे काढा.

संग्राहकाचा हिशेब निराळा. 1873 पर्यंत रुपयांवर 1862 हेच साल छापत राहिले; खरे वर्ष ओळखायचे बारीक ठिपक्यांवरून. ठिपके पुसले किंवा कडी डाखलेली असली की तो हात आखडतो, आणि उरतो चांदीचा भाव. फक्त 1939 चा मुंबई टांकसाळीचा रुपया कितीही झिजलेला असो, तोलून देऊ नका. तो फार दुर्मिळ आहे.