स्वतःचं मढं बघणारं गाव

रविवार आहे. २० नोव्हेंबर १९८३, संध्याकाळचे पावणेसात. अमेरिकेच्या ऐन मध्यावरच्या कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स नावाचं गाव. तुम्ही मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर उभे आहात आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपल्याकडे 'महाभारत' लागलं की रस्ते जसे ओस पडायचे, तसे.

थंडी कानांना चावते. तरी जरा थांबा, दुकानांच्या काचा शाबूत आहेत हे बघून घ्या. गेल्या वर्षी हाच रस्ता काजळी, राडारोडा आणि जळक्या गाड्यांनी भरला होता. निकोलस मेयर हा दिग्दर्शक एबीसी वाहिनीसाठी इथे 'द डे आफ्टर' चित्रित करत होता. विषय एकच: अणुयुद्ध झालं तर या गावाचं काय होईल. मुख्य नट बाहेरून आणले; मरायला मात्र गावातलीच माणसं घेतली, शेकड्यांनी.

चला, समोरच्या दिव्याच्या घरात शिरा. तुम्ही कुणाला दिसत नाही. बैठकीत गालिच्यावर आठ-दहा जण दाटीवाटीने बसलेत. लहान पोरांना वरच्या खोलीत पाठवलंय. मुलांना हे दाखवू नका, निदान एकटं बसून बघू देऊ नका, असं सगळीकडून बजावलं गेलंय. कोपऱ्यात विद्यापीठात शिकणारी थोरली मुलगी आहे. तिचे केस पुन्हा कानापर्यंत आलेत.

सात वाजतात.

पहिला तासभर काही घडत नाही. शेतकऱ्याच्या घरी लग्नाची तयारी, पोरांची भांडणं, एक डॉक्टर आणि त्याची बायको. मागे कुठेतरी रेडिओवर जर्मनीतल्या तणावाच्या बातम्या. खरं सांगायचं तर हा भाग बेताचाच आहे, कौटुंबिक मालिकेसारखा. पण बैठकीत कुणी कंटाळलेलं नाही, कारण इथे गोष्ट बघतंय कोण? "अगं, हे आपलं कोपऱ्यावरचं दुकान!" कुणीतरी म्हणतं. सगळे हसतात. मधे जाहिराती लागतात. बऱ्याच बड्या कंपन्यांनी काढता पाय घेतलाय, म्हणून थोड्याच आहेत.

मग शेतांतून धूर उठतो. पलीकडच्या मिझुरी राज्यात व्हाइटमन हवाई तळाच्या ताब्यात दीडशे मिनिटमन अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आहेत, ज्वारी-सोयाबीनच्या मुलखात जमिनीखाली पुरलेली. गुरं चरतात, शेजारी तारेचं कुंपण, कुंपणात काँक्रीटचं झाकण. हे सगळ्यांना ठाऊक आहे. रोज त्याच्यावरून गाड्या जातात. पडद्यावर आता ती झाकणं उघडतात आणि माणसं मान वर करून आभाळातल्या पांढऱ्या रेघा बघत राहतात. आपली गेली म्हणजे त्यांची अर्ध्या तासात येणार, एवढा हिशोब त्यांना येतो. पहिला वार कुणी केला, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. मला विचाराल तर मेयरचं सगळ्यात मोठं धाडस हेच.

उजेड होतो. पांढराफटक. माणसांचे क्षणभर सांगाडे दिसतात, आणि मग तेही नाहीत.

इथून पुढे एकही जाहिरात नाही. वाहिनीने ते आधीच ठरवलंय.

आता पडद्याकडे पाठ करा आणि बैठक बघा. पडद्यावर ॲलन फील्डहाऊस आहे, विद्यापीठाचं बास्केटबॉलचं मैदान. ज्या लाकडी फरशीवर संघ खेळतो, तिथे टोकापासून टोकापर्यंत मरणाऱ्या माणसांच्या रांगा. केस गळालेले, अंगावर चिंध्या. कोपऱ्यातली मुलगी पुढे सरकते आणि बोट दाखवते. "ती मी."

कुणी हसत नाही. आपल्या गावच्या नाटकात मेलेला नट पडदा पडला की उठतो, मिशी काढतो, चहा पितो. ही पोरगीही तेव्हा उठली असेल, घरी आली असेल, जेवली असेल. पण तिची आई टीव्हीकडे बघत नाहीये. ती मुलीच्या केसांकडे बघतेय.

भीती घालणारे चित्रपट याआधीही झाले. ब्रिटनमध्ये पीटर वॉटकिन्सचा 'द वॉर गेम' बीबीसीने १९६५ साली स्वतःच बनवून घेतला आणि मग लोकांना झेपणार नाही म्हणून टीव्हीवर दाखवलाच नाही. आजच्या या रात्रीपर्यंत तो तिथे दाखवलेला नाही. त्याला १९८५ उजाडेल. इथे मात्र सुमारे दहा कोटी माणसं एकाच वेळी बघताहेत.

शेवट येतो. पडदा काळा, आणि एक माणूस रेडिओवरून विचारतोय की हे लॉरेन्स आहे, कुणी ऐकतंय का. उत्तर येत नाही. लॉरेन्सातल्या बैठकीतही कुणी बोलत नाही.

लगेच त्याच वाहिनीवर चर्चा सुरू होते. निवेदक टेड कॉपेल प्रेक्षकांना खिडकीबाहेर बघायला सांगतो: सगळं जागच्या जागी आहे. घरातला बाप खरोखर उठून पडदा सारतो. मग माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर चिडून विचारतात की स्वतःला घाबरवून धोरणं ठरवायची का. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन खोलीभर पेट्रोल सांडल्याचं उदाहरण देतात: दोन वैरी, एकाकडे नऊ हजार काड्या, दुसऱ्याकडे सात हजार, आणि दोघांना काळजी कुणाच्या काड्या जास्त याची.

तुम्ही बाहेर पडा. टेकडीवर कॅम्पनीली आहे, दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ बांधलेला घंटेचा मनोरा. तिथे लोक मेणबत्त्या घेऊन जमताहेत. घोषणा नाहीत. वाऱ्याने मेणबत्ती विझली की शेजारचा आपली पुढे करतो. १८६३ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या टोळीने हे गाव जाळलं होतं, दीडशेच्या आसपास पुरुष आणि पोरं मारली होती. गावाच्या मुद्रेवर राखेतून उठणारा फिनिक्स त्यामुळेच आहे. आजच्या चित्रपटातल्या राखेतून मात्र काही उठत नाही.

एवढ्याने काय झालं, असं विचाराल. त्या आठवड्यात काहीच नाही. दोन दिवसांनी पश्चिम जर्मनीच्या संसदेने अमेरिकेची पर्शिंग क्षेपणास्त्रं आपल्या भूमीवर ठेवायला होकार दिला, तिसऱ्या दिवशी सोव्हिएत शिष्टमंडळ जिनिव्हातल्या क्षेपणास्त्रकपातीच्या वाटाघाटी सोडून उठलं. पण अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी हा चित्रपट १० ऑक्टोबरलाच कॅम्प डेव्हिडला पाहिला होता आणि आपलं मन फार खचल्याचं रोजनिशीत नोंदवलं होतं. ८ डिसेंबर १९८७ रोजी त्यांनी आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या केल्या. श्रेय एका चित्रपटाला देणं भाबडेपणाचं होईल. २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली गेली, हे मात्र खरं.

२ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिका त्या करारातून बाहेर पडली.