इंटरपर्यंत औरंगाबाद, पुढे हैदराबाद

एखादं वर्ष जवळच्या कॉलेजात काढायचं आणि मग पुण्या-मुंबईच्या बीबीएला दुसऱ्या वर्षात शिरायचं, असा बेत करणारी मुलं आमच्या देवगाव रंगारीतही आता दिसतात. वडीलधाऱ्यांना हे नवं खूळ वाटतं. पण मराठवाड्यात ही वाट फार जुनी आहे. फरक एवढाच, की तेव्हा ती कुणी हौसेनं धरत नसे. दुसरी वाटच नव्हती.

उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग हैदराबादला 1919 साली सुरू झाले. 1923 मध्ये औरंगाबादला त्याचं इंटरमिजिएट कॉलेज निघालं. किलेअर्कातलं आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. मॅट्रिकनंतरची दोन वर्षं इथे व्हायची, बी.ए.ची दोन मात्र हैदराबादला. मीटरगेजची गाडी आणि पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास. घरची जमीन थोडी असेल तर पोराचं शिक्षण इंटरला थांबायचं. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, तर तिकिटाला आणि खाणावळीला पैसे नाहीत म्हणून.

शिकवण्याची भाषा उर्दू. उर्दू माझ्या घरची भाषा. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेत देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे मी कुठेही सांगेन. त्यासाठी खास भाषांतर विभाग उभारून ग्रंथ तयार करून घेतले होते. पण मराठी शाळेतून आलेल्या कुणब्याच्या पोरासमोर अर्थशास्त्र ‘मआशियात’ होऊन आलं, तेव्हा त्याला भाषा आणि विषय दोन्ही एकदम शिकावे लागले. देशी भाषा होती खरी, पण त्याची नव्हती.

आणि ही वाट मध्येच बंदही होऊ शके. 1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा आग्रह धरला. बंदी आली, मुलं हटली नाहीत, आणि शेकडोंची नावं काढून टाकली गेली. अर्धवट शिक्षण घेऊन जायचं कुठे? नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. त्या गाण्यावरून आमच्या समाजात आजही दोन मतं आहेत, ती असोत. पण दुसऱ्या विद्यापीठाच्या मुलांना, त्यांचं झालेलं शिक्षण वाया जाऊ न देता, कुणीतरी दार उघडलं. ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रकरणात मोठी वाटते.

व्यापाराचं शिक्षण हवं असेल तर पल्ला आणखी लांबचा. मुंबईचं सिडनहॅम 1913 चं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचं नाव सांगतात. तिथे 1918 ते 1920 या काळात अर्थशास्त्र शिकवायला होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. स्वतः बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आलेले. पोरानं शिक्षणाकडे किती मैल चालत जायचं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये विलीन झालं आणि 1950 साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. सोबत वसतिगृहं उभी राहिली. माझ्या मते वर्गखोल्यांइतकंच काम त्या वसतिगृहांनी केलं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज निघालं. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं आणि पदवीसाठी हैदराबादची गाडी धरणं संपलं. पुढे दहावी-बारावीचा आकृतिबंध आला, 1977 मध्ये बारावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि ‘इंटर’ हा शब्दच म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरता उरला.

आता नव्या धोरणात मुलाचं झालेलं शिक्षण क्रेडिटच्या रूपानं खात्यात जमा होतं. त्याला क्रेडिट बँक म्हणतात. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना ते सोबत नेता यावं अशी त्यात सोय आहे. मात्र बीबीएसाठी 2024 पासून महाराष्ट्रात प्रवेश परीक्षा सुरू झाली, आणि नावाजलेल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा किती, हे ते कॉलेजच जाणे. देवगावची एखादी मुलगी हे सगळं मोबाईलवर घरबसल्या वाचू शकते. तिचे अब्बा किंवा अण्णा मात्र अजून तेच विचारतात, जे किलेअर्कातून निघालेल्या पोराचा बाप विचारत असेल: राहायचं कुठे, आणि महिन्याला लागणार किती?