चूक की बरोबर? : भास्कराचार्यांच्या चौसष्ट ओळी

डोंबिवलीत व्याख्यान म्हटलं की पुढच्या रांगांत आजी-आजोबा आणि मागे दहावीची मुलं, हे ठरलेलं. आज मी मागच्यांसाठी बोलणार आहे. ‘चूक की बरोबर ते लिहा’ असा प्रश्न आला आणि उत्तर येत नसलं, तर आपण काय करतो? ठोकून देतो. ‘पन्नास टक्के तर लागतंच!’ हे पन्नास टक्के आले कुठून, एवढंच आज बघू.

असे सहा प्रश्न घ्या. प्रत्येकाला उत्तरं दोनच. म्हणजे सहा वेळा दुप्पट करत गेलं की 64 प्रकारच्या उत्तरपत्रिका होतात. हा हिशेब आपल्याकडे झाला तो परीक्षेसाठी नव्हे, कवितेसाठी. अक्षर एक तर लघु, नाही तर गुरू. पिंगळाच्या छंदःसूत्रांत अशा मांडण्या मोजायच्या रीती आहेत. दहाव्या शतकात हलायुधानं त्यावरच्या टीकेत मेरुप्रस्तार समजावून सांगितला. आणि 1150 मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त गायत्रीचा सहा अक्षरांचा चरण घेऊन विचारलं, एक गुरू असलेले प्रकार किती, दोन असलेले किती? एकही गुरू नाही असा 1, मग क्रमानं 6, 15, 20, 15, 6, 1. बेरीज 64. हे भास्कराचार्य आपले, सह्याद्रीच्या कुशीतले. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवानं, चांगदेवानं मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

आता ‘गुरू’च्या जागी ‘बरोबर आलेलं उत्तर’ असं वाचा. सहापैकी निदान तीन बरोबर अशा उत्तरपत्रिका 20, 15, 6 आणि 1, म्हणजे 42.

पण थांबा. भास्कराचार्यांनी प्रकार मोजले, शक्यता सांगितली नाही. चरणाचे 64 प्रकार आहेत म्हणून कवी ते सगळे सारख्याच वेळा वापरतो, असं थोडंच आहे? प्रत्येक प्रकाराला सारखं वजन देणं ही वेगळी पायरी आहे. 1654 मध्ये पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात, अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटायचे या प्रश्नावर, ती स्पष्ट दिसते.

मग तुमच्या अंदाजाला हे वजन कधी लागू होतं? नाणं उडवून लिहिलंत, तर होतं. मनानं लिहिलंत, तर खात्री नाही. अर्धवट आठवण कधी तारते, कधी बुडवते. विधान तर आधीच खरं किंवा खोटं ठरलेलं असतं. ते ‘अर्धं’ विधानात नसतं, नाण्यात असतं.

आणि नाणं काय करू शकतं बघा. दहा प्रश्न, पास व्हायला 35 टक्के, म्हणजे चार बरोबर हवेत. 1024 प्रकारांपैकी 848 पास! जवळजवळ 83 टक्के. काही न शिकलेलं नाणं पास होतं. म्हणून तर चुकीला गुण कापतात. एका चुकीला एक गुण कापला, तर नाण्याची सरासरी शून्यावर येते. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत पर्याय चार, म्हणून एक तृतीयांश कापतात, हिशेब तोच.

तेव्हा मुलांनो, गुण कापत नसतील तर प्रश्न कोरा सोडू नका, त्यात पाप नाही. फक्त ठोकलेल्या उत्तरांपुढे प्रश्नपत्रिकेवर बारीक खूण करा. निकाल काहीही लागो, घरी येऊन त्या खुणांची उत्तरं आधी पुस्तकात शोधा. नाणं पास झालं की आपण, हे तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.