मामूंचा कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हा

अकोल्याच्या ताजनापेठेत आमच्या मामूंचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. 2009 मध्ये ते बंद केलं, तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला मीच दिला. मॉनिटर, डबा, कीबोर्ड सगळं एकाच काट्यावर तोललं. मामू काही बोलले नाहीत. कीबोर्डवर चिकटवलेली उर्दू अक्षरं तेवढी त्यांनी नखानं काढून घेतली.

पुढे 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या बोनहॅम्समध्ये एका ॲपल-1 चा लिलाव झाला. 1976 मध्ये 666.66 डॉलरला मिळणारा हा कॉम्प्युटर अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं 9 लाख 5 हजार डॉलरना घेतला. असे नग बनलेच होते जेमतेम 200. संग्राहक आधी हेच पाहतात की किती नग उरले, यंत्र चालू आहे का, आतले भाग मूळचे आहेत का आणि आधीच्या मालकाचे कागद आहेत का. या हिशेबात मामूंच्या यंत्राला मोल नव्हतं. सुटे भाग जोडून बनवलेला पेन्टियम, तसे गल्लोगल्ली होते.

इतिहासाचा हिशेब मात्र वेगळा आहे. मराठी छापखाने एकोणिसाव्या शतकातच शिशाच्या खिळ्यांवर चालू लागले. उर्दूला ते जमलं नाही. नस्तालिक लिपी तिरपी उतरत जाते, आणि शेजारी कोण आहे त्याप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो. तिचे सुटे खिळे पाडले तर वाचकांना ते रुचत नसत. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उर्दू वर्तमानपत्रंसुद्धा कातिब हातानं लिहीत आणि मग ती छापली जात. मामू मूळचे कातिबच. अमरावतीला उस्तादांकडे बसून बरू धरायला शिकलेले.

पाकिस्तानातले मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या स्वतः रेखाटल्या आणि मोनोटाइप कंपनीच्या साथीनं त्यातून नूरी नस्तालिक घडलं. 1981 मध्ये लाहोरचा ‘जंग’ त्यात निघाला. 1994 च्या सुमारास दिल्लीहून इनपेज आलं आणि हे अक्षर साध्या पीसीवर उतरलं. म्हणजे खिळ्यांचं युग वगळून उर्दू थेट दगडावरून पडद्यावर आली. मराठीसाठी जे मोल पहिल्या छापखान्याचं, तेच आमच्यासाठी या मळकट डब्यांचं आहे. कातिबांची रोजीही त्यांनीच घेतली, हेही खरं. मामू चाळिशीत माऊस धरायला शिकले म्हणून तगले.

त्या डिस्कमध्ये काय होतं? निकाहाच्या पत्रिका, मुशायऱ्यांची हँडबिलं, मदरशांचे अहवाल, बाळापूर-पातूरच्या शायरांचे न छापलेले संग्रह. दहा-पंधरा वर्षांचा मोहल्ला मी किलोवर विकला.

गेल्या वर्षी अमरावतीच्या इतवाऱ्यात एका डीटीपीवाल्याकडे अशीच दोन यंत्रं धूळ खात पडलेली दिसली. भंगाराच्या दुप्पट भावानं घेतली. एक सुरू झालं. जुन्या इनपेजचा मजकूर युनिकोडमध्ये नसतो, तो बदलून घ्यावा लागतो. ते काम चालू आहे. दुसऱ्याची डिस्क अजून उघडलेली नाही. तुमच्याकडे असा डबा असेल तर खुशाल विका, पण आधी डिस्क काढून ठेवा.