दात, हृदय आणि न उतरणारा ताप

देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांना हे ठाऊक असेल की आपल्या गावाचे नाव इंग्रजी शब्दकोशात आहे. ब्रिटिश काळात मायदेशी परतणारे सैनिक जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत अडकून पडत. त्यात कोणाचे डोके फिरले, की सोबती म्हणत, याला ‘डूलाली टॅप’ झाला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप.

तो ताप डोक्याचा होता. त्याच काळात डॉक्टरांना आणखी एक ताप चकवत होता. हा मात्र खरा होता. बारीक ताप आठवडेच्या आठवडे उतरत नसे, वजन घटे, दम लागे आणि शेवटी रुग्ण दगावे. हृदयाच्या झडपांवर जंतूंनी घर केलेले असे. 1909 साली लंडनच्या थॉमस हॉर्डर यांनी अशा 150 रुग्णांचा अभ्यास मांडला आणि तोंडातल्या जंतूंकडे बोट दाखवले. 1935 मध्ये ओकेल आणि इलियट यांनी दात काढल्यानंतर लगेच रक्त तपासले. निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात जंतू सापडले. निरोगी माणसात ते थोड्याच वेळात नष्ट होतात, पण खराब झडपेवर चिकटून बसू शकतात.

पेनिसिलिन आले आणि या आजारावर प्रथमच इलाज मिळाला. 1955 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दात काढण्याआधी प्रतिजैविक देण्याची शिफारस केली. पुढे अनेक वर्षे हृदयाचा बराचसा दोष असला तरी गोळी दिली जाई. नंतर लक्षात आले, की रोज चावताना आणि ब्रश करतानाही जंतू रक्तात जातात, हिरड्या सुजलेल्या असतील तर जास्तच. म्हणून 2007 मध्ये यादी आखडली. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला झडपेचा जंतुसंसर्ग आणि काही जन्मजात हृदयदोष हे त्यातले मुख्य. रुमॅटिक तापाने झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही मत असेच बदलले. पूर्वी दात काढायचा म्हटले की त्या सर्रास बंद करत. पण हिरडीतले रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येते. मेंदूत किंवा झडपेवर झालेली गुठळी तशी थांबत नाही. म्हणून आता बहुतेकदा गोळी चालूच ठेवतात. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांची आयएनआर तपासणी मात्र आधी करतात.

तेव्हा तुम्ही एवढे करा. दंतवैद्याकडे जाताना सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी आणि हृदयाचे कागद सोबत न्या. मधुमेह असेल तर तेही सांगा. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. झडप बदललेली असेल तर दात दुखण्याची वाट न पाहता सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्या.

आणि अशा रुग्णाला दात काढल्यानंतरच्या आठवड्यांत बारीक ताप येऊ लागला, तर घरातली उरलेली प्रतिजैविके देऊ नका. त्याने जंतू तपासणीत लपतात. आधी डॉक्टरांना दात काढल्याचे सांगा आणि रक्ताचे कल्चर करून घ्या. हॉर्डर यांच्या रुग्णांना हे निदान कळूनही उपचार नव्हते. आज आहेत, पण वेळेत कळले तर.