बहात्तर तासांचा हिशेब

महाड म्हटले की १९२७ साल आठवते. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी जुलैत मुंबईहून र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ निघाले. संततिनियमनाचे केंद्र कर्व्यांनी १९२१ मध्येच उघडले होते. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू कोर्टात मांडली ती बाबासाहेबांनी. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाजूने ११ मते, विरुद्ध ५२. तळ्यावरची भाषणे मी पुष्कळ ऐकली. त्यांत या ठरावाचा उल्लेख मला कधी ऐकू आला नाही.

हे आठवायचे कारण तातडीची गर्भनिरोधक गोळी. २००५ पासून ती आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. औषधाचे नाव लेव्होनॉरजेस्ट्रेल. जाहिरातींमुळे गोळीचे नाव पोराटोरांना पाठ झाले, पण ती करते काय, हे अनेकांना नीट ठाऊक नसते. कित्येक जण तिला गर्भपाताची गोळी समजतात. ती नव्हे. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. गर्भ राहून गेला असेल तर तिचा उपयोग नाही. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत ती घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. नेहमीचा उपाय म्हणून ती नाही, गुप्तरोगांपासूनही ती वाचवत नाही. पाळी आठवड्याहून जास्त लांबली, तर तपासणी करून घ्यावी.

बहात्तर तास शहरात भरपूर वाटतात. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून हिशेब वेगळा होतो. एस.टी. चुकली की अर्धा दिवस गेला. महाडच्या बाजारात पोचावे, तर औषधाच्या दुकानात ओळखीचे कुणीतरी उभे. मुलगे त्यातल्या त्यात धीट. पण बहुतेकदा मुलीलाच पाठवून स्वतः कोपऱ्यावर थांबतात, हेही सांगायला हवे.

सरकारने ही गोळी आशाताईंच्या हातीही दिली. सोय चांगलीच. पण आशाताई त्याच वाडीची, कुणाची काकी, कुणाची मामी. लग्न न झालेली मुलगी तिच्या दारात जायला कचरते. मग ती मैत्रिणीला विचारते, मैत्रीण आणखी कुणाला विचारून सांगते म्हणते, आणि त्यात एक रात्र निघून जाते.