पिशव्यांच्या पिशवीतली गोफण

आमच्या घरात, जोगेश्वरी पूर्वेला, ओट्याखाली एक पिशव्यांची पिशवी आहे. तुमच्याही घरी असणार. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पहिल्या वेळी पकडलं तर 5,000 रुपये दंड ठरला, तेव्हा मम्मीने ती पिशवी पोटमाळ्यावर सरकवली. टाकली मात्र नाही. पुढे लॉकडाउनमध्ये घरातून काम सुरू झालं, एक मीटिंग संपून दुसरी लागेपर्यंत हातांना काहीच नसायचं, आणि एका परदेशी माणसाचा व्हिडिओ समोर आला. तो कॅरीबॅगच्या पट्ट्या कापून त्यांचा दोर वळत होता आणि त्या दोराची गोफण करत होता. मी पोटमाळ्यावर चढलो.

कृती सोपी आहे. पिशवीचे कान आणि बूड कापून टाकायचं, उरलेल्या नळकांड्याची गोल गोल फिरत दोन बोटं रुंद अखंड पट्टी काढायची. पट्टी मधोमध दुमडून दोन पेड करायचे. प्रत्येक पेडाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन्ही पेड एकमेकांवर डावीकडे टाकायचे. सगळं मर्म त्या उलटेपणात आहे. पेड आपला पीळ सोडवायला बघतो, आणि तो सोडवताना जोडीदाराला आणखी आवळतो. गाठ नाही, गोंद नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण इतकी स्वस्त आणि इतकी पक्की रचना अभ्यासक्रमात क्वचितच भेटली. फ्रान्समध्ये अब्री दु मारास नावाच्या निवाऱ्यात निअँडरथल माणसाच्या काळातला, किमान 40 हजार वर्षांपूर्वीचा दोऱ्याचा तुकडा सापडला. तीन पेडांचा, आणि पेडांचा पीळ एकीकडे तर दोऱ्याचा उलट बाजूला.

पिशव्यांतही फरक असतो. भाजीवाल्याची कुरकुरणारी पातळ पिशवी लवकर फाटते, पण पीळ धरते. दुधाची पिशवी जाड आणि मऊ. ताणली की रबरासारखी लांबते आणि लांबलेलीच राहते. गोफणीला ती निरुपयोगी, कपडे वाळत घालायच्या दोरीला त्याहून निरुपयोगी.

तर हातभर दोर झाला होता आणि मी तो पायाच्या अंगठ्यात अडकवून पीळ देत बसलो होतो, तेव्हा पप्पा आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "इंजिनिअर झालास ते चऱ्हाटं वळायला?"

मला आधी गंमत वाटली. मग त्यांचा चेहरा बघितला.

आम्ही मातंग. आजोबा साताऱ्याकडून, माण तालुक्यातून मुंबईला आले आणि इथे त्यांनी मिळेल ते काम केलं, फक्त दोर वळला नाही. गावात तेच काम होतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 च्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुत्यांची सगळी उतरंड मांडलेली आहे. मांगाने दावी, कासरे, नाडे, शिंकी, मुसक्या पुरवायच्या आणि बदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. मोटेचा नाडा आमचा, पण ज्या विहिरीत तो उतरायचा तिला शिवायचं नाही. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे याच समाजातले. घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला आणि 1969 मध्ये गोरेगावात, तेव्हा आमच्या पुढच्याच स्टेशनावर, गेले. व्हिडिओतल्या माणसासाठी दोर हा छंद होता. आमच्याकडे तो सोडायला एक पिढी लागली.

पण मी ऐकणाऱ्यांतला नाही, म्हणून वाचत सुटलो.

गोफण आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दगडी आयुधांची यादी आहे, तिच्यात यंत्राने फेकायचे, हाताने फेकायचे आणि 'गोष्पणा'ने फेकायचे दगड वेगवेगळे सांगितले आहेत. सुश्रुताने जखमेवर पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार दिले, त्यात एक आहे 'गोफणा': हनुवटी, नाक, ओठ अशा जागांसाठी, मध्ये रुंद आणि दोन्हीकडे निमुळती होत जाणारी पट्टी. म्हणजे वैद्याला शिष्यासमोर पट्टीचा आकार सांगायचा तर गोफण म्हटलं की पुरे, इतकी ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची होती. इजिप्तच्या तुतनखामूनच्या थडग्यातही गोफण निघाली, जवसाच्या धाग्याची. पेरूच्या डोंगरातले मेंढपाळ लामाच्या लोकरीची करतात. जिथे जे उगवतं त्याची.

इथे मला वाटलं होतं की आता 'आपला अस्सल धागा' सापडणार. आपल्याकडच्या दोराचा धागा कुठला? अंबाडी, ताग, आणि सगळ्यात जास्त बोलबाला घायपाताचा. घायपात मूळचं मेक्सिकोकडचं. गोऱ्यांबरोबर आलं, रेल्वेच्या कडेने कुंपण म्हणून लागलं, बांधावर पसरलं, आणि मांगवाड्यातल्या माणसाने त्याची पानं पाण्यात कुजवून, झोडपून त्याचा वाख काढला. परक्या मुलखातलं फुकटचं झाड त्याने कामाला लावलं. मग भाजीवाल्याच्या पिशवीने काय घोडं मारलंय? कान असलेली ही पिशवी स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीतल्या स्टेन गुस्टाफ थुलिन यांची; 1965 मध्ये तिला अमेरिकेत पेटंट मिळालं. दोन पिढ्यांत ती आमच्याकडे ओशिवरा नदीच्या काठावर घायपातापेक्षा दाट उगवली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नाले तुंबण्याचा दोष या पिशव्यांनाही मिळाला. मी तेव्हा शाळेत जेमतेम जायला लागलो होतो. खांद्यावर बसवून घरी आणलं होतं, एवढंच आठवतं.

जोगेश्वरीत गोफण फिरवायला जागा नाही. इथे दगड सुटला तर कुणाच्या तरी पत्र्यावरच पडणार. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, दोन गावं एकमेकांवर दगडफेक करतात, माणसं दगावलेली आहेत. तिथे सुद्धा प्रशासनाने गोफणीला बंदी घातली. हाताने फेकलेला दगड आणि गोफणीतून सुटलेला दगड यांतला फरक प्रशासनालाही कळतो.

म्हणून जानेवारीत गावी गेलो. ज्वारी हुरड्याला आली होती. आत्या माळ्यावर उभी होती आणि तिच्या हातात गोफण होती. मी अभिमानाने माझी काढली. तिने ती हातात घेतली, दोन्ही पदर ताणून बघितले आणि स्वतःची माझ्या हातात दिली. तिची पांढरी, चकचकीत. युरियाच्या गोणीचे धागे उसवून, वळून केलेली. म्हणजे मी लॉकडाउनमध्ये लावलेला शोध आत्याने कधीच वापरून जुना केला होता. "घायपात कोण कुजवत बसतंय, हात खाजतात," ती म्हणाली. माझ्या दोराचा एक पदर दुसऱ्यापेक्षा लांब होता, त्यामुळे झोळी तिरपी पडत होती. तिने एक फास बोटात घातला, दुसरं टोक चिमटीत धरलं, डोक्यावर दोनदा फिरवली आणि सोडली. टोक सुटताना फट् झालं आणि पाखरांचा थवा उठला. दगड कुठे गेला ते कुणी बघितलंच नाही. पाखरं पुष्कळदा त्या आवाजालाच उठतात.

पुण्यात रिचरखा, इकोकारी यांसारख्या संस्था वापरलेल्या पिशव्यांच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतात. वस्तू देखण्या असतात, मी एक घेतलीही. तिच्यावरच्या लेबलावर 'हस्तकला' हा शब्द आहे. आजोबांच्या वळलेल्या दाव्याला हा शब्द कुणी लावला नाही. त्याला काम म्हणायचे, आणि त्याचा मोबदला मागून घ्यावा लागायचा. पप्पांचा राग मला तिथे समजला. तरी दोर वळणं मी सोडलेलं नाही. हाताला बरं वाटतं, यापलीकडे माझ्याकडे कारण नाही. पप्पा हल्ली बोलत नाहीत. पाण्याच्या पिंपाचं झाकण मात्र माझ्याच दोराने बांधलेलं आहे, आणि ती गाठ मी मारलेली नाही.

हा लेख पाठवण्याआधी त्यांना वाचायला दिला. त्यांनी गावाचं नाव खोडलं. मग चष्मा लावून परत पहिल्या पानावर गेले, आणि मी जिथे कासऱ्याला दावं म्हटलं होतं तिथे पेनने दुरुस्ती केली.